फळावरच्या स्टिकरला काही सांगायचे आहे का?

बंगळुरूच्या यशवंतपूर रेल्वे स्थानकातून बाहेर पडल्यावर फळांच्या हातगाड्या लागतात. त्यांच्यावरचे एखादे सफरचंद उचलून नीट पाहावे. देठाच्या बाजूला, बरोबर खांद्यावर, सोनेरी काठाचा लंबगोल स्टिकर असतो. त्यावर इंग्रजीत ‘बेस्ट क्वालिटी’ आणि खाली चार-पाच तारे. फळ कुठल्या बागेतले, कुठल्या राज्यातले, कोणत्या जातीचे, कधी तोडलेले, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्यावर नाही. शेजारच्या डाळिंबावर तोच स्टिकर आणि पलीकडच्या मोसंबीवरही तोच. सफरचंद, डाळिंब आणि मोसंबी अशा तिन्ही फळांची प्रत एकाच छापखान्याने ठरवली, असा त्याचा सरळ अर्थ. हा स्टिकर एकच काम चोख करतो. तो चिकटतो, आणि असा चिकटतो की काढताना नखात साल येते, बोटांना चिकटा लागतो आणि फळावर धूळ ओढून घेणारा एक काळपट गोल डाग राहतो.

एवढ्या बारीक गोष्टीवर अग्रलेख कशाला, असे कुणी विचारील. पण आपण रोज जे सालीसकट खातो, त्यावर गोंद लावलेला प्लास्टिकचा तुकडा असावा आणि तो का आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसावे, ही गोष्ट बारीक नाही.

आधी घरातला प्रश्न मिटवू. या स्टिकरच्या पाठीवरचा गोंद वाळून घट्ट होणाऱ्यांतला नसतो. तो कायम मऊ राहतो आणि बोटाच्या दाबाने पकड घेतो. बहुधा तो अ‍ॅक्रिलिक किंवा रबराच्या जातीचा असतो. फळाची साल ही अशा गोंदासाठी अवघड जागा आहे. ती वक्र असते, शीतगृहातून आलेली असेल तर थंड आणि दमट असते, आणि तिच्यावर मेणाचा नैसर्गिक थर असतो. सफरचंद धुताना हा थर निघून जातो, म्हणून कधी कधी वरून लाखेचा किंवा कार्नोबा मेणाचा हात देतात. अशा गुळगुळीत पाठीवर स्टिकर टिकवायचा तर गोंद जास्त मऊ आणि जास्त चिवट ठेवावा लागतो. मग पेटीत, ट्रकमध्ये, गाळ्यावर दिवस जातात तसा तो सालीवरच्या बारीक छिद्रांत उतरत जातो. पहिल्या दिवशी सहज निघाला असता तो स्टिकर तिसऱ्या आठवड्यात हटून बसतो, त्याचे कारण हे.

या गोंदाचा एक स्वभाव कळला की अर्धे काम झाले. तो धड द्रव नाही आणि धड घनही नाही. हळू ओढला तर वाहतो, सैल होतो, तुटत जातो. झटका दिला तर त्याला वाहायला वेळ मिळत नाही, तो कडक वागतो आणि आपल्याबरोबर सालीचा पापुद्रा घेऊन येतो. नाशपाती, आलुबुखार, पिकलेला टोमॅटो यांच्यावर हे हमखास घडते. म्हणून फ्रिजमधून काढलेल्या फळाचा स्टिकर लगेच ओढू नये. थंडीत गोंद ताठर असतो. फळ अर्धा तास बाहेर ठेवावे किंवा हाताला सोसेल इतक्या कोमट पाण्यात एक-दोन मिनिटे धरावे. पाणी कढत नको, नाशपातीची साल त्याने शिजल्यासारखी होते. मग स्टिकरची एक कड नखाने उचलावी आणि तो वर न ओढता स्वतःवरच दुमडत, सालीला जवळजवळ चिकटून, सावकाश मागे न्यावा. परदेशी स्टिकरांना पुष्कळदा एका बाजूला गोंद नसलेला छोटा कान ठेवलेला असतो. तो सापडला तर नखाचीही गरज नाही.

स्टिकर कागदी असेल तर दुसरीच पंचाईत. वरचा रंगीत थर निघून येतो आणि खालचा पांढरा, गोंदाने भिजलेला थर सालीवर बसून राहतो. तो आधी ओला करावा, मऊ झाल्यावर अंगठ्याने गोल गोल चोळावा. प्लास्टिकच्या स्टिकरमधून पाणी आत जात नाही, ते फक्त कडेने शिरते. तिथे तेल जास्त कामाचे. शेंगदाण्याचे, खोबऱ्याचे, घरात असेल ते खाद्यतेल बोटाच्या टोकाने कडेला लावून पाच मिनिटे थांबावे. तेल गोंदात मुरते आणि त्याची पकड ढिली करते. राहिलेला चिकटा काढायला सर्वांत सोपी वस्तू स्वयंपाकघरात असते ती म्हणजे तांदळाची पिठी. कोरडी पिठी चोळली की चिकटपणा मरतो आणि गोंदाच्या बारीक वळ्या होऊन गळून पडतात. कणकेचा छोटा गोळा टिपल्यासारखा दाबला तरी तेच होते. चिकटपट्टीचा तुकडा डागावर दाबून उचलणे हाही चांगला उपाय, कारण गोंदाला गोंद लवकर धरतो. संत्रे, केळे, डाळिंब यांच्या बाबतीत यातले काहीच करायला नको. साल टाकायचीच आहे, स्टिकर तिच्याबरोबर सोलला जातो. फक्त तो कचऱ्याच्या कुठल्या डब्यात जातो, हा प्रश्न उरतो. त्याकडे पुढे येऊ.

काय करू नये हेही सांगायला हवे, कारण घरोघर ते चालते. नेलपॉलिश काढायचे द्रव्य, रॉकेल, हाताचे सॅनिटायझर यांनी गोंद पटकन निघतो, पण ही द्रव्ये फळाच्या सालीवर लावायची नाहीत. भांड्यांचा साबणही नको. कोविडच्या काळात, २०२० मध्ये, भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने फळे-भाज्यांवर साबण किंवा जंतुनाशके वापरू नका, असे स्पष्ट सांगितले होते. तो सल्ला कोविडपुरता नव्हता. तेल लावले असेल तर फळ कोमट पाण्याने धुऊन फडक्याने पुसावे, पुरे.

गोंद पोटात गेला तर काय, हा पुढचा प्रश्न. अमेरिकेत कच्च्या फळांना आणि भाज्यांना लावायच्या लेबलांच्या गोंदात काय घालावे, याचे स्वतंत्र कलम तिथल्या अन्न व औषध प्रशासनाच्या नियमांत आहे. मान्य घटकांची यादी आहे, तिच्याबाहेर जाता येत नाही. त्या यादीचा अर्थ गोंद सालीला लागला तर अपाय होऊ नये, इतकाच. स्टिकर खाण्यासाठी केलेला आहे, असा नाही. तो चुकून गिळला गेला तर घाबरण्याचे कारण नसते, प्लास्टिक पचत नाही, जसेच्या तसे बाहेर पडते. तान्ह्या मुलाच्या हाती फळ देण्यापूर्वी मात्र तो काढलाच पाहिजे. आणि हातगाडीवरच्या ‘बेस्ट क्वालिटी’च्या रोलमागचा गोंद त्या अमेरिकी यादीतला असेल, असे मानायला काही आधार नाही. तो रोल लेबले छापणाऱ्याने छापलेला असतो. तो वहीवर लागेल, खोक्यावर लागेल की फळावर, याचा विचार करण्याचे बंधन त्याच्यावर घातलेले नाही.

आपल्या प्राधिकरणाने हा मुद्दा २०१८ मध्येच उचलला होता. त्या वर्षीच्या मार्गदर्शक टिपणात त्याने तीन गोष्टी नोंदवल्या. भारतातले बहुतेक स्टिकर फळ वरच्या प्रतीचे भासवण्यासाठी लावले जातात. कधी कधी त्यांच्याखाली फळाचा कुजका किंवा वेडावाकडा भाग झाकलेला असतो. आणि त्यांच्या गोंदाच्या सुरक्षिततेची खात्री नसते. म्हणून विक्रेत्यांनी स्टिकर लावू नयेत, आणि ग्राहकाने स्टिकर काढून त्या जागेची साल कापून टाकावी, असा सल्ला दिला. यातला दुसरा मुद्दा बाजारात लगेच पडताळून पाहता येतो. स्टिकर ज्या जागी आहे तिथे अंगठा दाबून पाहावा. फळ तिथेच मऊ लागले तर स्टिकर कशासाठी होता ते कळते.

हे टिपण सल्ल्याच्या रूपातच राहिले. हातगाड्यांवर त्याचा काही परिणाम झालेला दिसत नाही.

मुळात हा प्रकार आपल्याकडे आला कसा? यशवंतपूरच्या मार्केट यार्डात, ज्याला जुने लोक अजून आरएमसी यार्ड म्हणतात, महाराष्ट्रातून कांद्याचे ट्रक येतात. कांद्यावर स्टिकर नसतो. घेणारा पोत्यात हात घालतो, मधला कांदा काढतो, मान दाबून पाहतो, पत्ती सुटते का बघतो आणि भाव बोलतो. बटाटा, आले, लसूण यांचाही व्यवहार असाच. फळांचाही असाच होता. केळी फण्यांवर, आंबा वासावर, मोसंबी वजनावर विकली जात होती. कुणालाही एकेका नगावर चिठ्ठी लावण्याची गरज वाटली नव्हती.

गरज दुसरीकडे होती. अमेरिकेत केळी विकणाऱ्या चिकिटा कंपनीने १९६३ मध्ये केळ्यांवर निळा स्टिकर लावायला सुरुवात केली, ती नावाच्या जाहिरातीसाठी. पुढे सुपरमार्केटचे गल्ले संगणकाला जोडले गेले आणि वेगळीच अडचण आली. गल्ल्यावर बसलेल्या मुलीला फुजी आणि गाला ही सफरचंदे दिसायला सारखी, भाव मात्र वेगळा. म्हणून १९९० पासून फळाफळाला आकडे मिळाले. साधे पिवळे केळे ४०११, किवी ४०३०, लहान रेड डेलिशस ४०१५ आणि मोठे ४०१६. जैविक शेतीतले फळ असेल तर याच आकड्याआधी ९ लागतो, म्हणजे जैविक केळे ९४०११. हे आकडे कुठल्या सरकारचे नाहीत. फळ व्यापाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने ते दिलेले आहेत, वापरणे ऐच्छिक आहे आणि त्यांचा हेतू गल्ल्यावर बिल बरोबर व्हावे इतकाच आहे.

या आकड्यांनी आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर भलतेच काम केले. चारपासून सुरू होणारा आकडा म्हणजे विषारी औषधे मारलेले फळ, आठपासून म्हणजे जनुके बदललेले, नऊपासून म्हणजे शुद्ध, असा निरोप गेली कित्येक वर्षे फिरतो आहे. त्यातले पहिले वाक्य चुकीचे आहे. चार आकडी क्रमांकाचा अर्थ नेहमीच्या पद्धतीने पिकवलेले, एवढाच होतो. त्यावर कोणते औषध किती मारले हे तो सांगत नाही. दुसरे वाक्य निरर्थक आहे, कारण आठचा उपसर्ग जनुकबदल फळांसाठी राखून ठेवला होता खरा, पण दुकानात तो कधी आलाच नाही. तिसरे अर्धवट आहे. भारतात एखादे फळ जैविक म्हणून विकायचे तर २०१७ च्या जैविक अन्न नियमांप्रमाणे प्रमाणपत्र लागते. स्टिकरवरचा नऊ हा त्याचा पुरावा होत नाही. ज्यांना हा निरोप पुन्हा येईल त्यांनी तो पुढे पाठवू नये.

भारताने आयातीवरचे संख्यात्मक निर्बंध १ एप्रिल २००१ पासून उठवले आणि वॉशिंग्टनचे सफरचंद, न्यूझीलंडची किवी मोठ्या प्रमाणावर येऊ लागली. दोनच वर्षांनी, २००३ मध्ये, मेट्रो या जर्मन घाऊक कंपनीने भारतातले आपले पहिले दालन उघडले ते याच यशवंतपुरात. तेव्हापासून या भागात दोन बाजार शेजारी नांदत आहेत. एकीकडे आकड्यांनी, संगणकाने चालणारे दालन आणि दुसरीकडे हाताने, नजरेने चालणारा यार्ड. हातगाडी मधे कुठेतरी आली. गिऱ्हाईक स्टिकर असलेल्या सफरचंदाला चार पैसे जास्त देते हे तिने पाहिले. आकड्याशी तिला काही घेणेदेणे नव्हते, तिच्याकडे गल्ला कुठे होता? तिने फक्त चकाकी उचलली. परदेशी फळावर स्टिकर असतो, म्हणून ज्यावर स्टिकर ते परदेशी वाटते. शिमल्याच्या किंवा काश्मीरच्या चांगल्या सफरचंदाला असे वेषांतर करावे लागते, हे आमच्या मते त्या फळाचा अपमान करणारे आहे. पण दोष हातगाडीवाल्याच्या एकट्याच्या माथी मारता येणार नाही. गिऱ्हाइकाने चकाकीला पैसे दिले, म्हणून त्याने चकाकी विकत आणली.

कायदा याबद्दल अगदीच मुका नाही. २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्यात खोटे किंवा दिशाभूल करणारे लेबल लावलेल्या अन्नासाठी तीन लाखांपर्यंत आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाखांपर्यंत दंड आहे. ‘टेस्टेड ओके’ असे लिहिलेल्या फळाची कुणी, कुठे, कशाची चाचणी केली, हे विचारायला अधिकारी मोकळा आहे. पण तो विचारणार कुणाला? ज्याची दिवसाची विक्री काही हजारांत आहे त्या गाडीवाल्यावर तीन लाखांचा खटला भरणे शहाणपणाचे नाही आणि कुणी भरतही नाही. पकडायचे तर रोल छापणाऱ्याला आणि पेटी भरतानाच स्टिकर मारणाऱ्या घाऊक व्यापाऱ्याला पकडले पाहिजे. त्यांच्यापर्यंत पोचायला प्राधिकरणाच्या सल्ल्याचे नियमात रूपांतर व्हावे लागेल.

मात्र सगळे स्टिकर एका मापाने मोजता येत नाहीत, आणि याचे सर्वांत चांगले उदाहरण आपल्याच मुलुखातले आहे. देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामापासून देवगड हापूसच्या प्रत्येक फळावर एक खास स्टिकर सुरू केला. त्यावर एक अनन्य क्रमांक असतो. त्याचा एक भाग वर दिसतो, दुसरा भाग स्टिकर उचकटल्यावरच दिसतो. ग्राहकाने स्टिकरचा फोटो ठरलेल्या व्हॉट्सअ‍ॅप क्रमांकावर पाठवायचा, तिकडून आतला आकडा विचारला जातो, तो जुळला तर आंबा खरा. एकदा उचकटलेला स्टिकर दुसऱ्या फळावर पुन्हा लावता येत नाही. स्टिकर शेतकऱ्याला त्याच्या झाडांच्या हिशोबाने मिळतात, म्हणजे पन्नास झाडांच्या बागेतून पाचशे झाडांचा आंबा बाहेर पडू नये.

याची गरज बंगळुरूत राहणाऱ्या मराठी माणसाला समजावून सांगायला नको. कोकणच्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते मिळण्याआधी आणि मिळाल्यावरही कर्नाटकातला हापूस पेटी बदलून देवगड किंवा रत्नागिरीच्या नावाने विकला जातो, अशी तक्रार पुण्या-मुंबईच्या बाजारात दर उन्हाळ्यात असते. हाच आंबा इकडे बदामी म्हणून ओळखला जातो. रामनगर आणि कोलारच्या बाजूची बदामी मे-जूनमध्ये हातगाड्यांवर येते, गोड असते, दराला परवडते, आणि आम्ही ती आवडीने खातो. बदामीत काही कमी नाही. तिला देवगडचे नाव लावले की मात्र देवगडचा बागायतदार आणि इथला बदामीवाला दोघेही नागवले जातात, एकाचे नाव जाते आणि दुसऱ्याच्या फळाला स्वतःचे नावच मिळत नाही. यावर उपाय म्हणून चिकटलेला, न सुटणारा, सुटला तर फाटणारा स्टिकर असेल तर त्याच्या हट्टीपणाबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. त्याला सांगण्यासारखे काहीतरी आहे.

फळ कुठून आले हे लोकांना हवे असते, याचा दाखला मे २०२५ मध्येही मिळाला. पाकिस्तानला पाठिंबा देण्याच्या तुर्कस्तानच्या भूमिकेचा निषेध म्हणून पुण्याच्या फळबाजारातल्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदे घ्यायचे थांबवले. त्या बहिष्काराच्या बऱ्या-वाईटात इथे शिरायचे नाही. पण ज्याला त्यात सामील व्हायचे होते त्या ग्राहकाला हातगाडीवरचे सुटे सफरचंद तुर्कस्तानचे की हिमाचलचे, हे सोनेरी काठाच्या ‘बेस्ट क्वालिटी’ने सांगितले नसते.

देवगडच्या स्टिकरलाही मर्यादा आहेत. तो आंब्याचा गाव सांगतो. आंबा झाडावर तयार होऊन आढीत पिकला की कार्बाइडच्या पुडीवर, हे सांगत नाही. कॅल्शियम कार्बाइडने फळ पिकवायला कायद्याने बंदी आहे, इथिलिन वायू १०० पीपीएमपर्यंत चालतो. हे तपासणे हे अन्न निरीक्षकाचे काम आहे, स्टिकरचे नाही. आणि आंबा खाणाऱ्याने स्टिकर खरा निघाला म्हणून साल न धुता चोखायला सुरुवात करू नये, हे ओघाने आलेच.

आता कचऱ्याच्या डब्याकडे. २०१५ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर बंगळुरूत दोन डबे आणि एक पिशवी अशी पद्धत लागू झाली. हिरव्या डब्यात ओला कचरा, लाल डब्यात सॅनिटरी आणि टाकाऊ, पिशवीत सुका. फळाची साल हिरव्या डब्यात जाते आणि तिच्यावरचा स्टिकर तिच्याबरोबर. साल काही आठवड्यांत खत होते, स्टिकर होत नाही. तो इतका लहान असतो की खताच्या चाळणीतूनही सुटतो आणि शेतात, कुंडीत जाऊन पोचतो. ज्यांनी गच्चीवर खताची कुंडी ठेवली आहे त्यांनी वर्षभराचे खत उकरून पाहावे. माती काळी झालेली असते आणि तिच्यात लालपिवळे लंबगोल तुकडे जसेच्या तसे सापडतात, छपाईसुद्धा वाचता येते.

१ जुलै २०२२ पासून देशात एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या काही वस्तूंवर बंदी आली. कान साफ करायच्या काड्या, फुग्यांच्या काड्या, थर्माकोलची आरास, मिठाईच्या खोक्यावरचे वेष्टन असे बरेच काही त्या यादीत आहे. फळावरचा स्टिकर नाही. फ्रान्सने १ जानेवारी २०२२ पासून घरच्या खतात न कुजणारे स्टिकर फळांवर लावायला मनाई केली. युरोपीय संघाच्या नव्या वेष्टन नियमांप्रमाणे २०२८ पासून तिथे फळांवरचे स्टिकर कुजणारेच असावे लागतील. काही युरोपीय दुकानांनी त्याहून पुढे जाऊन अ‍ॅव्होकाडो आणि रताळ्याच्या सालीवर लेसरने नाव कोरून पाहिले आहे. त्यात सालीचा वरचा रंग तेवढा उडतो, गोंद लागत नाही. आपल्याकडे लेसर लगेच येणार नाही आणि यायलाही नको, यार्डातल्या व्यापाऱ्याला ते यंत्र परवडायचे नाही. पण प्लास्टिकऐवजी कुजणारा कागद आणि अन्नासाठी चालेल असा गोंद ही मागणी अवास्तव नाही. आपले द्राक्ष आणि डाळिंब निर्यातदार युरोपात माल पाठवतात, त्यांना तिथले नियम पाळावेच लागतात. जे युरोपातल्या ग्राहकासाठी करता येते ते यशवंतपूरच्या ग्राहकासाठीही करता येईल.

प्राधिकरणाने २०१८ च्या टिपणाला आता नियमाचे रूप द्यावे. फळावर स्टिकर लावायचा असेल तर त्यावर जात, उगम आणि पॅकिंग करणाऱ्याचे नाव असलेच पाहिजे. गोंद अन्नाला चालणारा आणि कागद कुजणारा हवा. नुसते ‘बेस्ट’, ‘प्रीमियम’, ‘टेस्टेड’ छापलेले रोल विकायला बंदी हवी, आणि दंड छापणाऱ्याला व घाऊक व्यापाऱ्याला, हातगाडीला नव्हे. बाजार समित्यांनी यार्डाच्या फाटकावरच हे पाहावे, कारण एकदा पेटी शहरात पसरली की पाहणारे कुणी उरत नाही.

नियम येईपर्यंत ग्राहकाच्या हातात थोडे आहे, पण ते करण्यासारखे आहे. घरी आणलेल्या फळाचे स्टिकर धुण्याआधी काढून सुक्या कचऱ्यात टाकावेत, सालीबरोबर ओल्यात नको. आणि गाडीवर उभे राहिल्यावर स्टिकर नसलेले फळ मागावे. यशवंतपुरात कन्नडमध्ये ‘स्टिकर इल्लद हण्णु कोडि’ म्हटले की गाडीवाला खालच्या टोपलीतले काढून देतो.